पेर्निक : कोळशाने वसविलेला प्रांत

बल्गेरियासारख्या दूरच्या देशातील एका प्रांताचा भूगोल आणि त्याची वस्ती, असा विषय आम्ही निवडला याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे साहजिक आहे. परंतु कामगार चळवळीत ज्यांची हयात गेली त्यांना पेर्निक हे नाव अगदीच परके नाही. शिवाय माणसे एखाद्या ठिकाणी का येतात, का राहतात आणि का निघून जातात, हे समजून घ्यावयाचे तर इतका आटोपशीर नमुना सहसा सापडत नाही. भूगोलाच्या पुस्तकात लोकसंख्येचा आकडा डोंगर आणि नद्यांच्या यादीशेजारी छापतात. जणू तोही डोंगरासारखा जागचा हलत नाही. पेर्निकचा आकडा मात्र चढला आणि उतरला, आणि त्या चढउताराची कारणे मुख्यतः कामधंद्यात सापडतात.

प्रथम जमीन पाहू. बल्गेरियात २८ प्रांत आहेत. त्यांपैकी पेर्निक हा पश्चिमेकडील, सर्बियाच्या सरहद्दीला लागलेला. क्षेत्रफळ सुमारे २,३९० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या दोन-तृतीयांशाहून किंचित कमी. पेर्निक, रादोमिर, ब्रेझनिक, झेमेन, कोवाचेवत्सी आणि त्रन असे त्याचे सहा पोटविभाग. सारा मुलूख डोंगरांचा आणि त्यांमधल्या खोलगट पठारांचा. खुद्द पेर्निक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. राजधानी सोफिया तेथून अवघ्या तीस किलोमीटरांवर. या शेजाराचे महत्त्व पुढे दिसेल.

पाण्याची वाटणी तर मोठी नमुनेदार. विटोशा पर्वतावर उगम पावणारी स्त्रुमा नदी पेर्निकवरून वाहत, झेमेनची खिंड कापून ग्रीसमध्ये जाते आणि एजियन समुद्राला मिळते. त्रनकडील एर्मा नदी सर्बियातून येते, खडकांच्या अरुंद घळीतून वाट काढून पुन्हा सर्बियात शिरते, आणि तिचे पाणी शेवटी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात पोचते. एकाच लहानशा प्रांताचे पाणी असे दोन समुद्रांना जाते.

हा मुलूख जुना आहे. पेर्निकच्या गढीने क्राकरा या सरदाराच्या हाताखाली १००४ आणि १०१६ साली बायझंटाईन सम्राट दुसरा बॅसिल याच्या फौजा परतविल्या. पण गढीने शहर वसविले नाही. पुढे कित्येक शतके पेर्निक हे खेडेच राहिले. शेतीत भागत नसे, म्हणून त्रनकडील पुरुष गवंडीकामासाठी हंगामापुरते परमुलखात जात. १८७९ साली सोफिया राजधानी झाली आणि तेथे घरे नि कचेऱ्या उभारण्याचे काम निघाले, तेव्हा या गवंड्यांचे हात त्या कामी लागले. डोंगरातील माणूस पोटासाठी खाली उतरतो, हा क्रम तेथे कोळशाच्या आधीपासूनचा आहे.

१८९१ साली पेर्निकला सरकारी कोळशाची खाण सुरू झाली आणि चित्र पालटले. कोळसा तपकिरी जातीचा. पण रेल्वेला, कारखान्यांना आणि राजधानीतील शेगड्यांना तोच हवा होता. कामगार येऊ लागले, वस्ती वाढत गेली, आणि १९२९ साली पेर्निकला शहराचा दर्जा मिळाला. १९०६ साली येथील खाणकामगारांनी ३५ दिवसांचा संप केला. त्याच्या पुढाऱ्यांत गेऑर्गी दिमित्रोव्ह हा तरुण छापखाना-कामगार होता. त्याचा जन्म १८८२ साली याच प्रांतातील कोवाचेवत्सी या गावचा. १९३३ साली लाइपझिगच्या न्यायालयात, राईशस्टाग जाळल्याच्या आरोपाला उत्तर देऊन जगभर गाजला तो हाच. पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. १९४९ साली तो वारल्यावर पेर्निकला दिमित्रोव्हो हे नाव देण्यात आले आणि ते १९६२ पर्यंत चालले. संपाच्या पुढाऱ्याचे नाव गावाला मिळाले. पण त्याच्याच पक्षाच्या राज्यात स्वतंत्र संघटनेला आणि संपाला जागा उरली नाही, हेही आम्ही सांगितले पाहिजे. चळवळीच्या माणसाने आपल्या बाजूचा इतिहास अर्धाच सांगू नये.

त्या राजवटीत कामाला मात्र तोटा नव्हता. १९५३ साली लेनिनच्या नावाचा पोलाद कारखाना सुरू झाला. पुढे रादोमिरला अवजड यंत्रांचा कारखाना निघाला. खेड्यातला मुलगा खाणीत किंवा भट्टीवर लागे, चाळवजा इमारतीत खोली मिळवी, आणि म्हातारे आईबाप डोंगरात राहत. शहरे भरत होती तेव्हाच खेडी रिकामी होऊ लागली होती.

१९८९ साली ती राजवट कोसळली आणि सरकारी मागणीवर उभे असलेले उद्योग डगमगले. जमिनीखालच्या खाणी बंद पडत गेल्या. एका जुन्या बोगद्यात १९८६ पासूनच खाणकामाचे संग्रहालय आहे. पोलाद कारखाना ग्रीक उद्योगसमूहाच्या हाती जाऊन चालू राहिला. २००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात गेल्यावर पश्चिमेची दारे अधिकच उघडली. आता शिरगणतीचे आकडे पाहा. २००१ साली प्रांताची वस्ती सुमारे दीड लाख होती. २०११ साली ती १,३३,५३० झाली. २०२१ साली १,१४,१६२. वीस वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा गेला. कोणी परदेशी गेले, कोणी सोफियाला. आणि मागे उरलेल्यांत वृद्ध अधिक असल्यामुळे जन्मापेक्षा मृत्यू अधिक होतात. उरलेल्यांपैकी तीन-पंचमांश एकट्या पेर्निक शहरात आहेत. त्रनच्या विभागात पन्नासांहून अधिक गावे असून सारी मिळून माणसे तीन-चार हजार. कित्येक गावांत घरांची संख्या रहिवाशांहून जास्त आहे. शहरातील अनेकजण सकाळी सोफियाला कामाला जातात व रात्री झोपण्यापुरते घरी येतात.

माणसे कमी झाली म्हणजे उरलेल्यांचे हाल कमी होतात, असे कोणी समजू नये. २०१९ च्या नोव्हेंबरात पेर्निकला पाणी पुरविणारे स्तुदेना धरण आटत आले आणि शहराला दिवसातून काही तासच पाणी मिळू लागले. पाऊस कमी पडला हे खरे. पण जुन्या नळांतून पाणी गळत होते आणि त्याच धरणातून कारखान्यांनाही पाणी जात होते. धरणाची पातळी घसरत असता वेळीच कोणी हात आवरला नाही. लोक रस्त्यावर आले, २०२० च्या जानेवारीत पर्यावरण मंत्र्यांना अटक झाली व त्यांना पद सोडावे लागले. सोफियाच्या बाजूने नवी जलवाहिनी घाईघाईने टाकावी लागली. ज्या गावाने राजधानीला कोळसा पुरविला, त्याला तिच्याकडून पाणी घ्यावे लागले.

तरीही हा प्रांत मेलेला नाही. जुन्या पंचांगाप्रमाणे नववर्षाच्या सुमारास, १३ व १४ जानेवारीला, खेड्यापाड्यांतील लोक मुखवटे आणि कातडी चढवून, कमरेला घंटा बांधून घरोघर फिरतात. या सुरोवा उत्सवाची २०१५ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. पेर्निक शहरात तर १९६६ पासून मुखवट्यांचा मेळा भरतो. पण उत्सव माणसाला दोन दिवस आणतो. वर्षभर ठेवण्यास मजुरी, शाळा, दवाखाना आणि नळाला पाणी लागते. कोणत्याही प्रदेशाचा लोकसंख्येचा आकडा हाती आला, तर या चार गोष्टींची चौकशी त्याच्याबरोबर करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.