सुटला 7.10, लागला 7.22

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता फलाटाला लागली हे जन्मभर लिहिलेल्या माणसाचा हात निवृत्तीनंतर मोकळा राहत नाही. 2004 च्या दिवाळीत सोसायटीच्या जमाखर्चासाठी घरात संगणक आला आणि त्यांना नवी गाडी मिळाली. डायरीत पुढून सोसायटी, मागून संगणक. 'सुटला' म्हणजे बटण दाबले, 'लागला' म्हणजे एक्सेलमधला हिशेब उघडून समोर आला.

गेल्या महिन्यात माळा आवरताना त्या डायऱ्या हाती लागल्या. पहिल्याच आठवड्यातली नोंद आहे: सुटला 7.10, लागला 7.12. आणि 2008 च्या पावसाळ्यातली: सुटला 7.10, लागला 7.22. पुढे बारीक अक्षरात, 'चहा 2 वेळा'.

मधली दहा मिनिटे कुणी खाल्ली, याचा आम्ही चार वर्षे चुकीच्या घरात तपास करत होतो.

संगणक दुकानात जोडून घेतलेला. पेंटियम 4, 256 एमबी रॅम, 40 जीबीची डिस्क आणि आईने शिवलेले झालरीचे कव्हर. मोडेमवरून पहिल्यांदा इंटरनेट लावले त्या संध्याकाळी पडद्यावर एक चौकट आली आणि साठ सेकंद उलटे मोजू लागली. शून्य झाले की संगणक आपोआप बंद. परत चालू, परत साठ. ही ब्लास्टरची करणी. हा किडा 2003 च्या ऑगस्टमध्ये जगभर पसरला होता, आणि त्याला कुणी फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. तार जोडली की तो स्वतःच्या पायाने आत यायचा. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच आधीच काढला होता, पण दुकानदाराची एक्सपीची सीडी त्याहून जुनी. 'रन'मध्ये जाऊन 'शटडाउन -ए' लिहिले की मोजणी थांबते, हे मला वर्गमित्राने फोनवर सांगितले. साठ सेकंदांच्या आत ते लिहिताना हात थरथरत होते, खोटे कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दुकानदार पॅच आणि अँटिव्हायरसची सीडी घेऊन आला. तेव्हा दुरुस्तीवालाच अँटिव्हायरसवाला असायचा, आणि ते साहजिक होते. आजारी यंत्रे त्याच्याच टेबलावर यायची. पुण्याच्या क्विक हीलचा जन्म असाच झाला. रहिमतपूरच्या कैलास काटकरांचे मूळ काम कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे, पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांतले व्हायरस काढायला धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, प्रोग्राम लिहिला.

पहारेकरी बसला आणि डायरीत 7.12 चे 7.14 झाले. बाबांनी शेरा मारला नाही. दोन मिनिटे लेट म्हणजे एसटीच्या हिशेबात वेळेवरच.

पुढची दोन वर्षे पेनड्राइव्हची. फोटो स्टुडिओ, सायबर कॅफे, ताईचे कॉलेज, जिथे म्हणून पेनड्राइव्ह टेकवला तिथून काहीतरी घेऊन यायचा. फोल्डरचे चित्र धारण केलेली 'न्यू फोल्डर' नावाची फाइल त्या काळात ज्याने पाहिली नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. फोल्डर समजून दोनदा टिचकी मारली की झाले. 2007 मध्ये आणखी एक आला. ताईने ऑर्कुट उघडले की तो ब्राउझर बंद करायचा आणि ऑर्कुटवर बंदी आहे असे सांगणारी, वर खिदळणारी चौकट दाखवायचा. सी ड्राइव्हवर 'हीप41ए' नावाचे फोल्डर करून तो त्यात राहत असे. हे बाबांनी केले, असे ताई दोन दिवस धरून चालली होती.

अशा वेळी महाराष्ट्रात एकच उपाय होता. "काका, फॉरमॅट मारून टाकू." डिस्क पुसायची, एक्सपी नव्याने टाकायची. 2006 ते 2008 मध्ये डायरीत 'फॉरमॅट' हा शब्द पाच वेळा आहे, शेजारी दिलेले पैसे. प्रत्येक फॉरमॅटनंतर संगणक आठ-दहा दिवस 7.12 ला लागतो. मग पुन्हा 7.16, 7.18. आम्ही म्हणायचो, व्हायरस परत आला.

आज त्याच ओळी ओळीने वाचताना हसू येते. प्रत्येक फॉरमॅटनंतर आठ-दहा दिवस संगणकात अँटिव्हायरसच नसायचा! परवान्याचा आकडा लिहिलेला कागद आई जपून ठेवायची, इतका जपून की तो सापडायला पुढचा रविवार उजाडायचा. कागद सापडला, अँटिव्हायरस चढला, की दुसऱ्या दिवसापासून गाडी लेट. बाबांनी दोन्ही तारखा लिहून ठेवल्या होत्या, आठ ओळींच्या अंतराने. त्यांच्यावर बोट मात्र कुणी ठेवले नाही.

का लेट, हे कळायला पहारेकऱ्याचे काम कळायला हवे. तो विंडोज आणि डिस्क यांच्या मध्ये उभा असतो. कुठलीही फाइल उघडायची म्हटली की आधी त्याच्या हातात. तो तिचा मजकूर आपल्या यादीतल्या खुणांशी ताडून बघतो, झिपचे गाठोडे असेल तर सोडून बघतो, मगच पुढे पाठवतो. सुरू होताना विंडोज शेकडो फाइली उघडते. शिवाय ती खुणांची यादी रॅममध्ये बसते. आमच्याकडे रॅम 256 एमबी. निम्मी एक्सपीनेच धरलेली, उरलेल्यात यादी. एक्सेलला जागा उरत नाही म्हणून विंडोज कुणाला तरी उचलून डिस्कवर ठेवते, मग त्याची गरज पडली की परत आणते. फिरणाऱ्या डिस्कची सुई जागा बदलायला सुमारे दहा मिलिसेकंद घेते, म्हणजे सेकंदाला फार तर शंभर फेऱ्या. सगळे त्याच एका सुईच्या मागे. कॅबिनेटवरचा लाल दिवा सलग पेटलेला असायचा आणि आतून कुणीतरी दाणे भाजतेय असा आवाज यायचा. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला.

आणि 7.22 चे श्रेय माझे. 2008 च्या मे महिन्यात मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला दुसरा अँटिव्हायरस मिळाला, फुकट. एकापेक्षा दोन बरे, म्हणून पहिला न काढता तो टाकला. याचा परिणाम काय, तर एकाने तपासायला फाइल उघडली की दुसरा म्हणतो थांब, ती आधी मी बघतो. ज्या दाराला एक पहारेकरी जड जात होता तिथे दोघे एकमेकांचे खिसे तपासत उभे. बाबांना मी हे सांगितले नव्हते. 'चहा 2 वेळा' ही नोंद त्यानंतरची.

तरी एक कोडे राहत होते. काही सकाळी गाडी 7.18 लाच लागायची, काही सकाळी साडेसातपर्यंत पत्ता नाही. 2009 च्या सुट्टीत मी 'प्रोसेस एक्सप्लोरर' उतरवून घेतला. मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम कोण किती वाचतोय, किती लिहितोय हे दाखवतो. साध्या टास्क मॅनेजरमध्ये आम्ही नेहमी सीपीयूचा रकाना बघायचो आणि तो शांत दिसायचा. इथे वाचनाचा रकाना लावला आणि चोर उघडा पडला: संपूर्ण डिस्कची तपासणी चालू होती, सकाळी सात वाजता.

"पण ती दुपारी 12 ला लावलेली आहे," मी म्हणालो.

बाबांनी डायरी पुढची बाजू करून उघडली. सोसायटीच्या पंपासाठी ते भारनियमनाचे वेळापत्रकही लिहीत. "दुपारी 12 ला लाइट कुठे असते आपल्याकडे? ज्या दिवशी असते त्याच्या दुसऱ्या दिवशी बघ."

बघितले. सात-आठ तारखा जुळवून झाल्यावर शंका उरली नाही. 12 ची तपासणी चुकली की पहारेकरी ती थकबाकी समजायचा आणि पुढच्या वेळी बटण दाबल्याबरोबर वसूल करायचा. आदल्या दुपारी वीज असली आणि संगणक चालू असला, तर सकाळ सुखाची. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला खरा तपास एवढाच, आणि तो बाबांनी केला. मी फक्त रकाना लावला.

त्या दिवशी फुकटचा अँटिव्हायरस काढला. नुसता 'अनइन्स्टॉल' करून त्याचे अवशेष जात नव्हते, त्याच कंपनीचे काढणी-साधन सेफ मोडमध्ये चालवावे लागले. तपासणी रविवारी रात्री 9 ला लावली. दुकानातून 512 एमबीची जुनी पट्टी आणून रॅममध्ये भर घातली. अँटिव्हायरस जिवंत आहे ना, हे पाहायला आयकार नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ नोटपॅडमध्ये लिहून साठवली. त्याने ती तत्काळ पकडली. बाबांना हे फार आवडले. तपासनीस स्वतः खोटे तिकीट घेऊन बसतो तसे, म्हणाले. डायरी: सुटला 7.10, लागला 7.13.

त्यानंतरच्या पानांत सांगण्यासारखे थोडे आहे. 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने एक्सपीवरही पेनड्राइव्हचे आपोआप सुरू होणे बंद केले आणि निम्मा ताप गेला. 2014 च्या एप्रिलमध्ये एक्सपीच निवृत्त झाली. नव्या संगणकात डिफेंडर विंडोजबरोबरच आलेला, आणि दुसरा कुणी बसवला की तो स्वतः बाजूला होतो. दोघांचे भांडण मिटवायला माझ्यासारख्यांनंतर किती वर्षे लागली! 2018 ला फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली. पहारेकरी आहे तिथेच आहे, तेवढेच खिसे तपासतो. पण सुईच नाही, त्यामुळे रांग दिसत नाही. त्या दिवशीची नोंद: सुटला 7.10, लागला 7.10. त्यानंतर मागची पाने कोरी आहेत.

2024 च्या 19 जुलैला टीव्हीवर विमानतळांवरचे निळे पडदे दाखवत होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक चुकलेली अद्ययावत फाइल, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख यंत्रे आडवी. आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. बाबांनी ते अक्षर बराच वेळ निरखले, अक्षर बरे आहे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारले,

"यांच्यातही कुणीतरी सीडीवरून दुसरा टाकला असेल का रे?"

म्हणजे त्यांना तेव्हापासून माहीत होते.