रजोनिवृत्ती आणि संप्रेरकांचे अहवाल

पन्नाशीकडे झुकलेली रुग्णा आजकाल चिकित्सालयात येते ती पुष्कळदा हाती प्रयोगशाळेचा अहवाल घेऊनच. एफएसएच, एलएच, इस्ट्राडिऑल, प्रोलॅक्टिन आणि 'पॅकेज'मध्येच आहे म्हणून एएमएचसुद्धा! त्यातील एखादा आकडा ठळक छापलेला असतो, आणि "डॉक्टर, हे खाली येईल असे काही द्या," अशी तिची विनवणी असते. आकड्यावर औषध योजण्यापूर्वी तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपण नीट पाहावयास हवे.

सुश्रुताचार्यांनी आर्तवाचा काल बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा सांगितला आणि त्यानंतरचा क्षय हा जरेचा परिणाम मानला. आधुनिक व्याख्याही तपासणीवर नव्हे, तर काळावरच उभी आहे. अन्य कारणावाचून सलग बारा महिने रजोदर्शन न होणे म्हणजे रजोनिवृत्ती. भारतीय स्त्रियांत ती सरासरीने पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी, शेहेचाळीस-सत्तेचाळिशीच्या सुमारास येते.

बीजकोशातील बीजपुटके संपत आली की इन्हिबिन व इस्ट्रोजेन घटतात, आणि त्यांचा अंकुश सुटल्याने पीयूषिका ग्रंथी एफएसएच अधिकाधिक स्रवू लागते. निवृत्तीनंतर ते मूत्रातही विपुल उतरते. गेल्या शतकाच्या मध्यास इटलीतील सेरोनो कंपनीने मठांतील वयोवृद्ध जोगिणींचे मूत्र जमवून त्यापासून वंध्यत्वावरील औषध सिद्ध केले, ते याच आधारावर. (मूत्राच्या औषधी उपयोगाबद्दल आपल्याला नाके मुरडणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे!)

परंतु ही झाली निवृत्तीनंतरची गोष्ट. संक्रमणकाळात हेच एफएसएच कमालीचे चंचल असते. या महिन्यात ४० आणि पुढच्या महिन्यात १० असे अहवाल एकाच स्त्रीचे येऊ शकतात. इस्ट्राडिऑल तर मधूनच नेहमीपेक्षाही वर जाते. म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत पंचेचाळिशीपुढील स्त्रीत निदानासाठी एफएसएच तपासू नये, असे स्पष्ट म्हटले. दाह, स्वेद, अनियमित पाळी ही लक्षणेच तेथे पुरेशी आहेत. एका वाढलेल्या आकड्यावरून "आता गर्भधारणेची भीती नाही" असे सांगणे तर सर्वथा अनुचित होय. पन्नाशीपूर्वी पाळी थांबल्यास दोन वर्षे आणि त्यानंतर थांबल्यास एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा संकेत आहे.

चाळिशीच्या आत पाळी थांबू लागली तर मात्र तपासणी टाळणे हा दोष ठरेल. प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री करावी. मग चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन वेळा एफएसएच, आणि सोबत टीएसएच व प्रोलॅक्टिन पाहावे. संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्या चालू असताना केलेले एफएसएच निरुपयोगी असते. बीजकोश अकाली क्षीण झाल्याचे ठरले, तर अस्थी व हृदय यांच्या रक्षणासाठी सामान्यतः संप्रेरक-चिकित्सेचा सल्ला दिला जातो. अशा तरुण रुग्णेला केवळ शतावरी कल्पावर वर्षानुवर्षे ठेवू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

औषधी दुकानदारांनी एक गोष्ट विशेषत्वाने जाणून घ्यावी. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असते. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि गोळीत ते ५ ते १० मिलिग्रॅमसुद्धा! अनेक यंत्रांतील तपासणी बायोटिनच्या बंधनावरच चालते. त्यामुळे रक्तात ते अधिक असल्यास एफएसएच व टीएसएच खोटेच कमी आणि इस्ट्राडिऑल खोटेच जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत इशारा दिला. याच वयात केस गळतात, याच वयात या गोळ्या खपतात आणि याच वयात तपासण्या होतात. म्हणून गोळी देतानाच, रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती बंद ठेवण्यास व प्रयोगशाळेस तसे कळविण्यास सांगावे.

२००२ साली अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन प्रयोग धोक्यांमुळे मुदतीपूर्वी थांबला, तेव्हापासून वनस्पतींकडे ओढा वाढला आणि 'हार्मोन्स पूर्ववत करणारे' अशी वेष्टनेही दुकानांत दिसू लागली. निवृत्तीनंतर वाढलेले एफएसएच हा व्याधी नव्हे. ते खाली आणणे हे चिकित्सेचे साध्यही नव्हे. झोप लागली का, दाह शमला का, सांधे हलके झाले का, ही परीक्षा खरी. शिवाय आर्तवविकार बरे करण्याच्या जाहिराती ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ अन्वये निषिद्ध आहेत, हे उत्पादकांइतकेच विक्रेत्यांनीही विसरू नये.

जेथे खरी तपासणी हवी तेथे मात्र ती बहुधा होत नाही. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्तस्राव झाला, मग तो एकच डाग का असेना, तर "पाळी परत आली" असे समजून अशोकारिष्टाची बाटली हाती देऊ नये. तेथे संप्रेरकांचा कोणताही आकडा उपयोगाचा नाही. योनिमार्गे सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या अंतःस्तराची जाडी पाहणे, गरजेनुसार बायोप्सी करणे आणि गर्भाशयमुखाची तपासणी करणे आवश्यक असते, कारण अशा काही स्त्रियांत कर्करोग निघतो आणि अंतःस्तराचा कर्करोग लवकर सापडल्यास शस्त्रकर्माने बहुधा बरा होतो. अशा रुग्णेला त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे, आणि ती गेली की नाही याची चौकशीही करावी.