केक उंच का होत नाही?

एका घरी नातीचा वाढदिवस होता. सुनेने ठरवले, केक घरीच करायचा. तालुक्याहून आणला तर पैसे जास्त पडतात. शिवाय एस. टी.च्या गर्दीत तो चेपतो. तिने मैदा, साखर, अंडी, लोणी असे सगळे सामान आणले. पीठ कालवून डबा शेगडीवर ठेवला. तासाभराने झाकण काढले. पाहते तो काय! केक कसला, जाड भाकरीच ती!

सुनेचे डोळे भरून आले. अंडी गेली, लोणी गेले. त्यातच शेजारणीने पुढच्या आठवड्यासाठी केक सांगून ठेवला होता. आगाऊ पैसेही दिले होते. आता तिला काय द्यायचे?

सासू म्हणाली, "अगं, रडतेस कशाला? भाकरी फुगली नाही तर आपण तवा पाहतो, पीठ पाहतो. तसंच इथंही पाहू. चूक कुठं झाली ते शोधून काढू."

चला, आपणही त्यांच्याबरोबर शोधू या.

केक फुगतो कशाने?

केक हाताने तोडून पाहा. आत बारीक बारीक छिद्रे दिसतील. ही छिद्रे म्हणजे हवेची घरे. पीठ फेटताना त्यात हवा शिरते. बेकिंग पावडर ओली झाली आणि तापली, की तिच्यातून वायू सुटतो. सोडावॉटरच्या बाटलीत जो वायू असतो, तोच हा. दुधातल्या आणि अंड्यातल्या पाण्याची वाफही होते. हवा, वायू आणि वाफ मिळून पीठ वर उचलतात. तेवढ्यात अंडे आणि मैदा आचेने घट्ट होतात. मग फुगलेला केक तसाच उभा राहतो.

म्हणजे दोन गोष्टी हव्यात. वायू पुरेसा हवा. आणि तो निसटून जाण्याआधी केक घट्ट व्हायला हवा. यांतले एक जरी चुकले, तरी केक बसतो.

डब्यावरची तारीख वाचा

बेकिंग पावडरमध्ये खायचा सोडा असतो आणि एक कोरडा आंबट पदार्थ असतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्या होता. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. म्हणून त्याने १८४३ साली ही पावडर तयार केली. पण या पावडरीला दमट हवा लागली, की तिचा जोर जातो.

ती पारखायची कशी? अर्धा कप गरम पाण्यात एक लहान चमचा पावडर टाका. फसफसून फेस आला तर पावडर चांगली. नुसती तळाशी बसली तर ती फेकून द्या.

सासूने सुनेला डबा आणायला लावला. म्हणाली, "यावर काय लिहिलंय ते वाच." सुनेने वाचले. मुदत संपून आठ महिने झाले होते! पाण्यात टाकली, तर फेस नावालाही आला नाही. सून म्हणाली, "आत्या, मला वाचता येतं, पण मी वाचलंच नाही!"

पण जास्त पावडर घातली म्हणजे केक जास्त उंच होतो, असे समजू नका. वायू फार झाला की छिद्रे मोठी होतात आणि फुटतात. केक आधी वर येतो आणि मग मधोमध खचतो. चवही कडवट लागते. १२५ ग्रॅम मैद्याला एक लहान चमचा पुरे. चमचा सपाट घ्यावा, शीग लावू नये.

आधी खूप फेटा, मग हात आवरा

एका लहान केकला १२५ ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, २ अंडी, एक लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि ४ मोठे चमचे दूध घ्या.

लोणी मऊ असावे, पण पातळ नको. लोणी आणि साखर हाताने दहा मिनिटे फेटा. ते पांढरट आणि हलके झाले पाहिजे. अंडी गार नसावीत. एकेक अंडे घालून फेटत जा. मैदा, पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळा.

मैदा घातल्यावर मात्र जोराने घोटू नका. मैदा जितका घोटाल तितका तो चिवट होतो. पोळीची कणीक आपण मळतो ती ताणली जावी म्हणून. केकला ते नको. दूध घालून, तळापासून वर असे हलके कालवा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबा.

कालवलेले पीठ तसेच ठेवू नका. वायू निघून जातो. म्हणून भांडे आधीच तापायला ठेवावे.

डबा केवढा घ्यावा?

सुनेने घेतला होता आठ इंच रुंदीचा डबा. जे पीठ सहा इंची डब्यात एक इंच भरते, ते आठ इंची डब्यात जेमतेम अर्धा इंच भरते. मग केक उंच कसा होणार? पीठ थोडे असेल तर डबा लहान घ्या. डबा निम्म्याहून थोडा अधिक भरावा. काठोकाठ भरू नये, नाहीतर पीठ उतू जाते. तळाशी कागद घाला. बाजूंना तूप चोपडून कोरडा मैदा भुरभुरा.

आच कशी हवी?

जुनी जाड कढई घ्या. तळाशी इंचभर जाड मीठ पसरा, त्यावर तिवई ठेवा. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग डबा आत ठेवा आणि आच मंद करा. कुकर वापरलात तर त्याची शिट्टी आणि रबर काढलेच पाहिजे. आत पाणी घालू नये.

आच फार झाली तर कडा आधी घट्ट होतात. मग मधला भाग उंचवटा होऊन तडकतो. आच फार कमी झाली तर केक घट्ट होण्याआधीच वायू निघून जातो.

पहिली पंचवीस मिनिटे झाकण उघडू नका. गार हवा लागली की अर्धाकच्चा केक बसतो. साधारण चाळीस मिनिटांनी मधोमध बारीक काडी खुपसून पाहा. काडी कोरडी निघाली की केक झाला.

थरावर थर

दुकानातला उंच केक बहुधा एका दमात उंच झालेला नसतो. तो थरांचा असतो. एकाच डब्यात खूप पीठ भरले तर कडा करपतात आणि पोट कच्चे राहते. म्हणून दोन लहान केक वेगवेगळे भाजा. प्रत्येकाचे पीठ त्या त्या वेळी कालवा. दोन्ही पुरते गार होऊ द्या. वरचा उंचवटा सुरीने सपाट कापा. एकावर जॅम किंवा साय लावा. दुसरा उलटा करून त्यावर ठेवा, म्हणजे सपाट बाजू वर येते. केक गरम असेल तर साय वितळते आणि थर घसरतो.

सुनेने नवी पावडर आणली. लहान डबा घेतला. सारी मापे वहीत लिहून काढली. शेजारणीचा केक चांगला तीन इंच उंच झाला. शेजारीण खूश होऊन घेऊन गेली.

सून वही मिटू लागली. तेव्हा सासू म्हणाली, "थांब. पावडरीची नवी तारीखही लिहून ठेव."