मूल जाईल या भीतीने

१९०५ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात एक कायदा झाला. ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, १६ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा कायदेशीर पालक त्याने ठरवला, आणि तो पालक होता सरकारचा मुख्य ‘संरक्षक’ अधिकारी. जन्म देणाऱ्या आईचा हक्क त्यापुढे दुय्यम ठरला. १९१२ मध्ये संघराज्य सरकारने बाळंतिणींना ५ पौंडांचा भत्ता सुरू केला, तेव्हा ॲबोरिजिनल बायकांना त्यातून वगळलं. या बायकांवरच्या हिंसेचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते, नवऱ्याच्या हातापासून नव्हे.

१९३१ साली मॉली क्रेग ही याच कायद्याखाली घरातून नेलेली मुलगी मूर रिव्हरच्या सरकारी वसाहतीतून धाकट्या बहिणींना घेऊन पळाली आणि सशांना रोखण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेने सुमारे १,६०० किलोमीटर चालत घरी पोहोचली. ही गोष्ट २००२ च्या चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाली. तिचा पुढचा भाग मात्र फार थोड्यांना माहीत असतो. मॉली मोठी झाली, तिला दोन मुली झाल्या. १९४० मध्ये तिला उपचारांसाठी पर्थला नेलं आणि नंतर मुलींसकट पुन्हा त्याच वसाहतीत पाठवलं. ती पुन्हा पळाली, पण दोघींना घेऊन इतकं चालणं शक्य नव्हतं. थोरली डोरिस मागे राहिली, तान्ही ॲनाबेल कडेवर. काही वर्षांनी ॲनाबेललाही सरकारने नेलं. डोरिस वीसेक वर्षांनी भेटली. ॲनाबेलची भेट २००४ मध्ये मॉली वारली तोवर झाली नाही. याला हिंसा म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? ब्रिटिश साम्राज्य एकच होतं, हेही इथे आठवतं. आपल्याकडच्या गुन्हेगार जमाती कायद्यातही १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा दिली होती.

१९१० ते १९७० या काळात दर दहापैकी एक ते दर तीनपैकी एक ॲबोरिजिनल मूल घरातून नेलं गेलं, असं १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने नोंदवलं. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. ती मनापासून होती, असंच मी मानतो. पण त्यानंतरच्या पंधरा वर्षांत सरकारी देखरेखीखाली घराबाहेर वाढणाऱ्या ॲबोरिजिनल मुलांची संख्या दुपटीच्या वर गेली. देशातल्या मुलांमध्ये ती जेमतेम ६ टक्के, घराबाहेर ठेवलेल्या मुलांमध्ये मात्र ४० टक्क्यांहून जास्त.

आता घरातली मारहाण. कौटुंबिक हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ॲबोरिजिनल बायकांमध्ये इतर बायकांच्या तीसेक पट आहे. मारणारे सगळ्याच समाजांतले असतात, गोरेही. अशी मार खाणारी, पदरात दोन लहान मुलं असलेली बाई पोलिसांना फोन का करत नाही? कारण मुलांनी घरात मारहाण पाहणं हाच बालसंरक्षण खात्याच्या लेखी मुलांवरचा अत्याचार ठरतो. फोन केला की नोंद होते, नोंदीमागून खात्याची माणसं येतात, आणि ‘आईला मुलांचं रक्षण करता आलं नाही’ असा शेरा पडू शकतो. काही राज्यांत पोटातल्या बाळाबद्दलही आधीच नोंद करता येते. ज्या बाईची आजी अशीच उचलून नेलेली होती, तिला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ती गप्प राहते, आणि मारणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. बोलली तरी धोका टळत नाही. क्वीन्सलंडच्या मृत्यू-आढावा मंडळाने २०१७ मध्ये दाखवून दिलं की कौटुंबिक हिंसेत जीव गेलेल्या जवळपास सगळ्याच ॲबोरिजिनल व्यक्तींची नोंद त्याआधी कधी ना कधी ‘हिंसा करणारी’ म्हणूनही झाली होती.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २०११ ते २०१३ दरम्यान बाळंत झालेल्या ३४४ जणींशी ॲबोरिजिनल संशोधक बायका बोलल्या. निम्म्याहून अधिक जणींवर गरोदरपणातच तीन किंवा त्याहून जास्त संकटं एकदम कोसळली होती. कुठे घरच नव्हतं, कुठे घरात भांडणं, कुठे मरणं. मारहाण एकटी येत नाही, म्हणून तिच्यावरचा उपायही एकट्या पोलिसांकडे नसतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या मृत्यू-चौकशी अधिकारी एलिझाबेथ आर्मिटेज यांनी जोडीदारांनी मारलेल्या चार ॲबोरिजिनल बायकांच्या चौकशीचा अहवाल दिला. त्यात ३५ शिफारशी आहेत. त्या चौघींपैकी एक ॲलिस स्प्रिंग्जमध्ये याच हिंसेविरुद्ध उभ्या राहिलेल्या महिला गटाची कार्यकर्ती होती.

२०२० च्या राष्ट्रीय करारानुसार २०३१ पर्यंत घराबाहेरच्या ॲबोरिजिनल मुलांचं वाढीव प्रमाण ४५ टक्क्यांनी आणि बायका-मुलांवरची हिंसा निम्म्याने कमी करायची आहे. कागदावर ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत. ॲबोरिजिनल बायका मात्र त्यांना एकच मानून कधीच कामाला लागल्या. न्यू साउथ वेल्समधल्या गनेडाच्या आज्यांनी २०१४ मध्ये मुलं नेण्याविरुद्ध संघटना उभारली. व्हिक्टोरियात २००२ पासून चालणारी, आता ‘जिरा’ नावाने ओळखली जाणारी संस्था मारहाणीची तक्रार आणि मुलांच्या ताब्याचा खटला या दोन्हींसाठी एकाच ठिकाणी वकील देते. पोलिसांना फोन करायच्या आधी बाई तिथे विचारू शकते, की मूल माझ्याजवळ राहील ना?