पगाराची चिठ्ठी, भाग ७ : डोमिसाईलवर सही कोणाची?

मागच्या आठवड्यात आपण फेडरल टॅक्सचा डब्ल्यू-४ फॉर्म पाहिला. नोकरी लागल्याच्या दिवशी त्याच गठ्ठ्यात राज्याचाही एक फॉर्म असतो आणि बहुतेक जण तो न वाचताच सही करून देतात. आजचा भाग त्या फॉर्मबद्दल आहे. तुम्ही एका राज्यात राहून रोज दुसऱ्या राज्यात कामाला जात असाल, एडिसनहून मॅनहॅटनला किंवा यार्डलीहून प्रिन्स्टनला, तर हा भाग तुमच्यासाठीच आहे.

आपल्याला या फॉर्मचं महत्त्व चटकन का कळत नाही, याचं कारण आपण जिथून आलो तिथे आहे. भारतात आयकर केंद्राचा. तलासरीत राहणारा माणूस रोज वापीला कामाला गेला, म्हणजे महाराष्ट्रातून गुजरातेत, तरी त्याच्या आयकरात एका पैशाचा फरक पडत नाही. राज्याचा म्हणून पगारातून कापला जातो तो व्यवसाय कर, आणि तो वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. अमेरिकेत मात्र पगारावर कर न घेणारी राज्यं नऊच. बाकीची राज्यं आपापला आयकर घेतात आणि काही शहरं त्यावर स्वतःचाही लावतात. त्यामुळे "तुम्ही राहता कुठे?" हा प्रश्न इथे थेट पगाराला भिडतो.

याची किंमत मी मोजलेली आहे. पहिली नोकरी न्यूयॉर्कमध्ये लागली तेव्हा मी क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला मित्राबरोबर राहत होतो. लग्नानंतर मार्चमध्ये आम्ही एडिसनला आलो. बँकेत पत्ता बदलला, न्यू जर्सीचं लायसन्स काढलं, कंपनीच्या पोर्टलवर जाऊन तिथलाही पत्ता बदलला. काम झालं असं वाटलं. डिसेंबरमध्ये एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्षभराचे पे-स्टब लावत बसलो होतो. फेडरल, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, न्यूयॉर्क राज्य, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'एनवायसी'. न्यूयॉर्क शहराचा कर! तो फक्त शहरात राहणाऱ्यांनाच लागतो आणि त्याचा दर ३.०७८ ते ३.८७६ टक्के आहे. शहर सोडून नऊ महिने झाले होते, तरी दर महिन्याला दोनशे डॉलरांहून जास्त रक्कम कापली जात होती. पोर्टलवर मी बदलला होता तो टपालाचा पत्ता. करासाठीचा फॉर्म जुनाच होता, आणि त्यावर माझी सही होती.

त्या फॉर्मचं नाव आयटी-२१०४. त्यात अगदी साधे दोन प्रश्न असतात : तुम्ही न्यूयॉर्क शहराचे रहिवासी आहात का? याँकर्सचे आहात का? पुढे हो आणि नाहीच्या चौकटी. मी पहिल्या दिवशी 'हो' वर खूण केली होती आणि त्या दिवशी ते खरंच होतं. पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर जादा कापलेले पैसे परत मिळाले, पण मधले महिने नव्या संसाराच्या खर्चात ते हाताशी नव्हते.

तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. तुम्ही कुठल्या राज्याचे, हे कंपनी ठरवत नाही. तुम्ही जे लिहून देता, त्यावर ती कर कापते. महाराष्ट्रात बारावीनंतर डोमिसाईल काढायला आपण तहसील कचेरीत किंवा सेतू केंद्रात उभे राहिलो आहोत. रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे, आणि शेवटी तहसीलदाराची सही. 'डोमिसाईल' हा शब्द अमेरिकेच्या करकायद्यातही आहे, पण इथे तो दाखला देणारा तहसीलदार नाही. नोकरीच्या फॉर्मवर तुमचीच सही आणि तिची जबाबदारीही तुमचीच.

मग त्या फॉर्मवर काय लिहायचं? डोमिसाईल म्हणजे तुमचं कायमचं घर, कुठेही गेलात तरी जिथे परतायचा तुमचा इरादा असतो ते. ते एका वेळी एकच असतं. वाद झाला तर कुटुंब कुठे राहतं, जास्त दिवस कुठे काढता, मनाजवळच्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत, हे सगळं पाहिलं जातं. टपालाचा पत्ता हा त्यातला अगदी कच्चा पुरावा.

आता रोज ये-जा करणाऱ्याचा हिशेब. साधारण नियम असा की काम जिथे केलं त्या राज्याचा त्या पगारावर पहिला हक्क. राहतं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, पण दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं. म्हणून एडिसनचा माणूस न्यूयॉर्कचं अनिवासी रिटर्न आयटी-२०३ आधी तयार करतो आणि तो आकडा घेऊन न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये क्रेडिट मागतो. पगारातून न्यूयॉर्क राज्याचा कर कापला जाणं इथे बरोबरच आहे. शहराचा कापला गेला तर चूक.

न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्यात मात्र करार आहे. यार्डली किंवा लँगहॉर्नला राहून प्रिन्स्टनला नोकरी करणाऱ्याच्या पगारावर फक्त पेन्सिल्व्हेनियाचा ३.०७ टक्के कर लागतो. पण हे आपोआप होत नाही. एनजे-१६५ हा फॉर्म कंपनीला द्यावा लागतो. तो दिला नाही तर न्यू जर्सीचा कर कापला जातो, तो परत मिळवायला तिथलं रिटर्न भरावं लागतं आणि पेन्सिल्व्हेनियाचा कर एप्रिलमध्ये खिशातून एकरकमी जातो. उलट दिशेने, न्यू जर्सीत राहून पेन्सिल्व्हेनियात काम करणाऱ्यांसाठी आरईव्ही-४१९ फॉर्म आहे. या कराराने फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स मात्र सुटत नाही.

आपल्याकडच्या कन्सल्टिंगवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. घर, बायको-मुलं डॅलसला, आणि सोमवारी पहाटेचं विमान धरून नेवार्क. अशा माणसाचं राहतं राज्य टेक्सास आणि कामाचं राज्य न्यू जर्सी. फॉर्मवर दोन्ही खरं लिहावं. न्यू जर्सीत कमावलेल्या पगारावर तिथला अनिवासी कर लागेल, आणि टेक्सासला आयकरच नसल्याने क्रेडिटचा प्रश्न येत नाही. मात्र हॉटेलचा कंटाळा येऊन वर्षभरासाठी अपार्टमेंट घेतलं आणि दिवस १८३ च्या पुढे गेले, तर न्यू जर्सीसुद्धा "तुम्ही आमचे रहिवासी" म्हणू शकते.

हा १८३ चा आकडा नीट समजून घ्या, कारण न्यूयॉर्कचाही नियम तोच आहे. डोमिसाईल दुसरीकडे असलं, तरी राज्यात कायम राहण्याजोगी जागा आणि १८३ पेक्षा जास्त दिवस, या दोन गोष्टी जुळल्या की तुम्ही कायद्याने तिथले रहिवासी. दिवसाचा थोडा भाग तिथे गेला तरी पूर्ण दिवस धरतात. आठवड्याचे पाचही दिवस मॅनहॅटनला जाणाऱ्याचे दिवस नोकरीतच भरतात. उरते फक्त जागा. उशीर झाला तर झोपायला म्हणून घेतलेला छोटा स्टुडिओसुद्धा महागात पडू शकतो. तसं झालं तर व्याज आणि लाभांशावर दोन्ही राज्यांचा कर लागण्याची वेळ येते.

यावरचा एक खटला मला फार जवळचा वाटतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका गृहस्थाचा स्टेटन आयलंडवर गाड्या दुरुस्तीचा व्यवसाय होता. तो रोज ये-जा करायचा. व्यवसायाजवळच त्याने एक इमारत घेतली, तळमजल्यावर आई-वडिलांना ठेवलं आणि बाकीच्या जागा भाड्याने दिल्या. वडीलधाऱ्यांचं दुखणंखुपणं असलं, त्यांनी थांब म्हटलं, की कधीतरी तो रात्री सोफ्यावर झोपायचा. न्यूयॉर्कने २००१ ते २००३ या वर्षांसाठी त्याला रहिवासी ठरवलं आणि अडीच लाख डॉलरांहून अधिक कर मागितला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, कोर्ट ऑफ अपील्सपर्यंत गेलं. २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जागा नुसती मालकीची असून चालत नाही, तिच्याशी त्या माणसाचं स्वतःचं राहण्याचं नातं हवं. मुलगा जिंकला. पण निकाल हातात पडेपर्यंत दहा वर्षं उलटून गेली होती. आई-वडिलांसाठी घर घेणारी मुलं आपल्यातही कमी नाहीत. म्हणून ही गोष्ट लक्षात असू द्या.

दुसरी बाजूही बोलायला हवी. शहराचा कर वाचवायला क्वीन्समध्ये राहून न्यू जर्सीतल्या मामेभावाचा पत्ता देणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. कर कमी कापला जावा म्हणून आयटी-२१०४ वर खोटं लिहिलं तर ५०० डॉलर दंड होऊ शकतो, आणि बुडालेला कर व्याजासकट वसूल होतो तो वेगळाच. शिवाय आपल्यातले अनेक जण एच-वन-बीवर आहेत. घर बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ भरून इमिग्रेशनला नवा पत्ता कळवणं त्यांना बंधनकारक आहे. एका सरकारी कागदावर एक घर आणि दुसऱ्यावर दुसरं, ही विसंगती कुणाला समजावून सांगायची वेळ आपल्यावर येऊ नये.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. फेडरल रिटर्नसाठी तुम्ही 'रेसिडेंट' आहात की नाही, ग्रीनकार्डामुळे 'पर्मनंट रेसिडेंट' आहात की नाही, आणि न्यू जर्सीचे 'रेसिडेंट' आहात की नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कंपनी राज्याच्या फॉर्मवर विचारते तो तिसरा.

या आठवड्यात एवढंच करा. शेवटचा पे-स्टब उघडा आणि राज्य व शहराच्या ओळींवर बोट ठेवून वाचा. ज्या राज्यात तुम्ही झोपता आणि ज्या राज्यात काम करता, त्यांच्याशी त्या ओळी जुळतात का? नसतील जुळत, तर एचआरला नुसता नवा पत्ता पाठवू नका. राज्याचा विथहोल्डिंगचा फॉर्म नव्याने भरून द्या, त्याची प्रत घरी ठेवा आणि पुढचा पे-स्टब आला की तीच ओळ पुन्हा पाहा. घर बदललं की किल्ली हातात पडल्याच्या आठवड्यातच हे काम उरका. मी मार्चमध्ये हे केलं असतं, तर डिसेंबरची ती रात्र आली नसती.

पुढच्या आठवड्यात : ऑफिस न्यूयॉर्कला आणि तुम्ही आठवड्यातले तीन दिवस एडिसनच्या घरातून काम करता. ते तीन दिवस न्यूयॉर्क आपले का मानतं आणि न्यू जर्सीने २०२३ मध्ये त्याला काय उत्तर दिलं, ते पाहू.