‘आजी’ ते ‘तुंबाड’ : भयकथेचे रूपांतर

रूपांतराचा विचार मूळ कृतीवरील निष्ठेपुरता मर्यादित ठेवला, तर राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाचे आकलन अपुरे राहते. त्याला प्रेरणा देणाऱ्या नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेमागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ (१९८४) आहे. शीर्षक मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आहे.

किंगच्या कथेत जखमी भावासाठी आई बाहेर जाते आणि मुलगा आजीजवळ एकटा उरतो. ही घटना चित्रपटातही येते. ‘हस्तुर’ या नावाचा ‘हस्तर’ होतो. किंगच्या कथेत अखेरीस आजी मुलाच्या देहाचा ताबा घेते. त्याला निवडीचा अवकाशच नसतो. चित्रपटात आजीचा प्रसंग केवळ आरंभ ठरतो. १९१८ मध्ये तिला भ्यालेला विनायक मोठेपणी खजिन्याचे रहस्य विचारण्यासाठी तिच्याकडेच परततो. हस्तर आता समृद्धीच्या देवीचा लोभी ज्येष्ठ पुत्र असतो. भयाची जागा लोभ घेतो आणि तो बापाकडून मुलाकडे वारशाने जातो. १९४७ मध्ये पांडुरंग हा वारसा नाकारतो. बळी ठरलेल्या बालकाला मिळालेले हे नकाराचे स्वातंत्र्य हेच या रूपांतराचे स्वत्व होय.