प्रतिपालकत्व आणि दत्तक

मूल दत्तक घेणे आणि मूल सांभाळावयास घेणे यांतील भेद आपण बोलताना फारसा पाळीत नाही. कायद्यात मात्र तो मूलभूत आहे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमान्वये दत्तकाच्या दिनांकापासून मुलाचे जन्मकुळाशी असलेले संबंध संपतात. विवाहाचा निषेध तेवढा मागे उरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ४४ ची भूमिका याहून सर्वस्वी भिन्न आहे. आईबाप दुर्धर आजाराने वा अन्य कारणाने सांभाळ करण्यास असमर्थ ठरल्यास बालकल्याण समिती मुलाला दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवू शकते. शिक्षण, आरोग्य व आहार यांची जबाबदारी त्या कुटुंबाकडे येते. तथापि, मुलाच्या हितास बाध येत नसेल तर आईबापांना त्याला वेळोवेळी भेटता येते, आणि ते पुन्हा समर्थ झाल्याचे समितीस दिसून आल्यास मूल स्वगृही परतू शकते. माया लावावयाची आणि मूल आपल्याकडे काही काळापुरते आहे हेही विसरावयाचे नाही, असा हा कठीण व्यवहार होय. भेटीला येऊन गेलेल्या आईविषयी प्रतिपालक घरात काय बोलतात यावर मुलाचे मनःस्वास्थ्य पुष्कळसे अवलंबून असते. तपासणीच्या नमुन्यात ही गोष्ट कोणत्या रकान्यात भरावी, हा प्रश्नच आहे. निवड करताना कुटुंबाची क्षमता, हेतू व पूर्वानुभव पाहावा, असे कायदा म्हणतो. यांपैकी हेतूची पारख सर्वांत अवघड, असे आम्हांस वाटते.

आर्थिक साहाय्याची तरतूद आहे. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत २०२२ पासून दर मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद असून, महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतील रक्कम २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली. मात्र ही राज्य योजना विधवा आईजवळ राहणाऱ्या मुलांनाही लागू असल्याने ‘बालसंगोपन’ म्हणजे प्रतिपालकत्वच, असे समजणे चूक होईल.

हेतूचा प्रश्न २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांमुळे अधिक नाजूक झाला आहे. विवाहित नसलेल्या व्यक्तींनाही आता प्रतिपालक होता येते. तसेच मूल कायद्याने दत्तकयोग्य ठरल्यास प्रतिपालकांना, पूर्वीच्या पाच वर्षांऐवजी, दोन वर्षांच्या सांभाळानंतर ते दत्तक घेण्याचा मार्ग खुला होतो. जडलेला लोभ तोडू नये, हा यामागील विचार रास्तच म्हणावा लागेल. परंतु दत्तकाची दीर्घ प्रतीक्षा टाळण्यासाठी जे कुटुंब या वाटेने येईल, त्याला जन्मदात्या आईची प्रकृती सुधारल्याची वार्ता आनंदाची वाटेल काय? समितीने अर्जदारास पहिल्याच बैठकीत हे विचारावयास हवे.